पाचवी मूठ

धुळे, रविवार, ता. १७ जुलै १९८८
दुपारचे सव्वातीन

सौ. सुगंधास,

तुझं पत्र काल मिळालं तेव्हा मी शिडीवर होतो. सरकारी भिंतीवर 'दोन मुलांत' एवढं रंगवून झालं होतं आणि पुढच्या 'अंतर' शब्दाचा अ खडूने आखत होतो. वनाभाऊ पेंटरांनी खालून पाकीट दाखवलं. उतरून वाचलं, परत चढलो, पण 'अंतर' काही त्या दिवशी लिहून झालं नाही. वनाभाऊ म्हणाले, "काय रे, अक्षर विसरला का?" आज सुटी आहे. जेवण झालं, पंचा धुऊन वाळत घातला आणि लिहायला बसलो.

तू लिहितेस की पुन्हा दिवस गेले आहेत आणि जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तसं सांगितलं. योगिता अजून नऊ महिन्यांची व्हायची आहे. तिच्या वेळी तुझं पोट उघडावं लागलं. टाके अजून ओढतात, असं तूच आखाजीच्या सणाला म्हणाली होतीस. गल्लीतल्या सगळ्या बायका सांगत होत्या की अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवस राहत नाहीत. तू ते खरं धरलंस, मीही धरलं. रंगवाला डब्याचं वजन सांगतो तेव्हा मी डबा तोलून बघतो. हे मात्र तोलून बघितलं नाही.

आणि एवढं सगळं लिहून शेवटी तू एक ओळ टाकलीस, 'ठेवायचं की नाही, तुमचं मत कळवा.' सुगंधा, असा प्रश्न पत्राच्या कडेला तिरपा लिहितात का? मला तो आधी दिसलाच नाही. पाकीट उलटं केलं तेव्हा दिसला.

डॉक्टरीणबाई नक्की काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत कळव. मी दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा इंग्रजीत गेलो, पण मराठीत सांगितलेलं मला कळतं.

सोबत वेगळा कागद आहे. तो आईला वाचून दाखव. हा वाचू नकोस. आईला अक्षर येत नाही, तरी ती ओळी मोजते, म्हणून तो कागद दोन्ही बाजूंनी लिहावा म्हटलं, पण मजकूर सुचला नाही.

कौतिक


धरणगाव, २२ जुलै

योगिताच्या बाबांस,

तुमचा वाचायचा कागद आईंना वाचून दाखवला. 'मी मजेत आहे. हवा बरी आहे. कपाशीची निंदणी झाली का?' संपला. आई पाखडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "पाकीट तं कसं फुगेल व्हतं, नि वाचाले इतलुसंच? बाकीना कागद कोरा शे का?" मी म्हटलं, पाकीट दुमडू नये म्हणून आत कोरा कागद घालतात. "धुयाना लोके हुशार शेतस," म्हणाल्या आणि पाखडू लागल्या.

पुढच्या वेळी आईंसाठी जरा तरी लिहा. तुम्ही एवढे मजेत असता की मलाच संशय येतो.

डॉक्टरीणबाईंचे शब्द हवेत ना? त्या म्हणाल्या, "ठेवायचं तर ठेवता येईल. मी पाहिलेल्या काही बायकांचं नीट झालं, काहींचं नाही. टाके कच्चे आहेत. शेवटचे दोन महिने जळगावात माझ्या जवळपास राहावं लागेल, आणि तरी मी शब्द देणार नाही. नको असेल तर पुढच्या तीन-चार आठवड्यांत या. त्यात काही चोरून करायचं नाही, कायद्यात बसतं." मी विचारलं, तुम्ही काय कराल? तर चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "मी तुझ्या जागी नाही, बाई."

म्हणजे त्याही तुमच्यासारख्याच.

आता माझं. मला ठेवावंसं वाटत नाही. हे लिहिताना हात थांबला, पण लिहिलं ते खरं आहे. गेल्या वेळी शुद्धीवर आले तेव्हा आधी मला पोरगी आठवली नाही, मी जिवंत आहे एवढंच आठवलं. पुन्हा तिथे जायचं नाही. शिवाय अंगणवाडीसाठी माझं नाव निघालं आहे. दिवाळीनंतर प्रशिक्षण आहे. कोणी म्हणेल, नोकरीसाठी करते. थोडं नोकरीसाठीही आहे, नाही कशाला म्हणू?

पण रात्री योगिता कुशीत झोपते तेव्हा वाटतं, हीही एकदा एवढीच होती.

मी एकटीने ठरवलं तर उद्या तुम्ही म्हणाल, मला विचारलं नाही. तुमच्यावर टाकलं तर उद्या मीच म्हणेन, यांनी सांगितलं म्हणून केलं. दोघांचं मिळून एक हवं. म्हणून विचारलं. तिरपं लिहिलं कारण सरळ लिहायला जागा उरली नव्हती.

सुगंधा


धुळे, ता. २६ जुलै १९८८
सकाळचे सात, चहा व्हायचा आहे

सौ. सुगंधास,

घाईने मत देणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून आधी चार लोकांना विचारलं. तुझं नाव कुठे घेतलं नाही, एका मित्राची अडचण आहे असं सांगितलं.

वनाभाऊ म्हणाले, "त्या मित्राचं नाव कौतिकच आहे का?" मी ब्रश धुवायला घेतला. मग म्हणाले, "पेंटरने मत द्यायचं नसतं. गिऱ्हाईक देईल तो मजकूर लिहायचा, काना-मात्रा तेवढी सांभाळायची."

औषधाच्या दुकानातला म्हणाला, कायदा होऊन सोळा-सतरा वर्षं झाली, आता कसला विचार करता?

घरमालकीण पार्वताबाई म्हणाल्या, "जीव तो जीव. मुंगीएवढा असला तरी जीवच. महापाप आहे." त्या वेळी त्या बाजेच्या सांध्यात रॉकेल ओतून ढेकूण मारत होत्या. मी ढेकणांचा विषय काढला नाही, कारण खोली भाड्याची आहे.

मला काय वाटतं, ते सांगायचं तर असं. भिंतीवर आम्ही आधी खडूने अक्षराची रेघ काढतो, मग रंग भरतो. मजकूर बदलला तर खडू फडक्याने पुसतो. त्याला कोणी अक्षर पुसलं म्हणत नाही. पण मला मात्र खडूतच अक्षर दिसलेलं असतं, आणि पुसताना हात जड होतो. वनाभाऊ हसतात. म्हणजे मी काय समजायचं? खडू होता की अक्षर होतं?

तुझ्या जिवाला धोका असेल तर माझा प्रश्नच नाही. पण डॉक्टरीणबाई धोका आहे असंही म्हणत नाहीत आणि नाही असंही म्हणत नाहीत. त्यांनी शेकडा किती ते सांगायला हवं होतं.

मी शुक्रवारी, ता. ५ ऑगस्टला येतो. सरळ जळगावच्या स्टँडवर भेटू, तू सकाळच्या गाडीने ये. तिथे बसून ठरवू आणि मग दवाखान्यात जाऊ, किंवा जाणार नाही. आईला सांग, योगिताला डोस द्यायचा आहे.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण गेल्या श्रावणात तू बाळंतपणाला रावेरला होतीस आणि तुझ्या माहेरी कानबाई देवी बसत नाही. यंदा कानबाई २१ ऑगस्टच्या रविवारी आहे. आदल्या दिवशी आई रोटाचे गहू काढते. घरात जितके पुरुष तितक्या मुठी, प्रत्येकाच्या नावाने सव्वा-सव्वा. ते पीठ वेगळं दळायचं, त्याच्या पुरणपोळ्या फक्त घरच्यांनी खायच्या, उंबरठ्याबाहेर तुकडा जाऊ द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत सगळं संपवायचं. पोटात मूल असेल तर त्याचीही मूठ घेतात, मुलगा की मुलगी ते ठाऊक नसतं म्हणून. गेल्या वर्षी तुझ्या पोटातल्याची घेतली होती.

आमच्या घरात आबा, मी आणि धाकटा भटू असे तीन पुरुष. पण आई पहिल्यापासून चार मुठी घेते. मी लहानपणी विचारलं होतं, चौथी कोणाची? म्हणाली, "पाव्हणानी." मी म्हटलं, पण रोट तर पाव्हण्याला देत नाहीत. तिने डोक्यात उलथनं मारलं. तो हिशेब मला अजून लागलेला नाही. सांगायचा मुद्दा एवढाच की त्या आधी जे काय ते ठरलेलं बरं.

कौतिक


धरणगाव, २९ जुलै

योगिताच्या बाबांस,

तुम्ही धुळ्यातल्या झाडून सगळ्यांची मतं कळवलीत. ढेकणांचं तेवढं राहिलं. आणि तुमचं.

खडूचं वाचलं. दोनदा वाचलं, कारण तुम्ही ते मनापासून लिहिलं आहे हे दिसतं. पण एक सांगते, मी भिंत नाही. भिंतीला विचारून कोणी लिहीत नाही आणि पुसलं तर तिला काही होत नाही. इथे रोज सकाळी न्हाणीत ओकारी मला येते. खडू होता की अक्षर होतं, हे मलाही माहीत नाही. माहीत नसताना ठरवायचं आहे, एवढंच तर तुम्हाला सांगते आहे. माहीत असतं तर पोस्टाचे पैसे कशाला घातले असते?

शुक्रवारी सकाळी दहाला जळगाव स्टँडवर आहे. रसवंतीच्या बाजूला. 'करू' म्हणा नाही तर 'नको' म्हणा, पण या. 'नको' म्हणालात तर मी भांडेन, पण निदान माणसाशी भांडेन.

वाचायच्या कागदात या खेपेला 'डासांचा त्रास आहे' असं लिहिलंत, ते आईंना फार आवडलं. दोनदा वाचायला लावलं.

सुगंधा


धुळे, ता. ६ ऑगस्ट १९८८
रात्रीचे आठ

सौ. सुगंधास,

काल येता आलं नाही. शिरपूरच्या एका सूतगिरणीच्या भिंतीचं काम अचानक निघालं. तीस फूट लांब भिंत, अक्षर दोन फुटी, आणि मालकाला पंधरा ऑगस्टच्या आत हवी. वनाभाऊंचा हात दुखतो. मला नाही म्हणता आलं नाही. निरोप पाठवायचा तर कोणाबरोबर पाठवणार?

तू किती वेळ थांबलीस? ऊन होतं का? योगिताला बरोबर नेलं होतंस का?

भिंत झाली की मी ता. १९ च्या शुक्रवारी नक्की येतो. तोपर्यंत मी आणखी विचार करतो. तूही कर. एखादी गोष्ट दोन्ही बाजूंनी पाहिली म्हणजे त्रास होतो हे खरं, पण एका बाजूने पाहून केली तर जन्मभर दुसरी बाजू दिसत राहते.

रागावू नकोस. सोबत आईचा कागद आहे. डासांचं वाढवून लिहिलं आहे.

कौतिक


धरणगाव, १२ ऑगस्ट

योगिताच्या बाबांस,

बुधवारी झालं. मी ठीक आहे. डॉक्टरीणबाईंनी अर्धा दिवस ठेवून घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीने घरी सोडलं. पोट दुखतं, पण सहन होतं. मंजुळा सोबत होती, माझी शाळेतली मैत्रीण, जळगावातच दिली आहे. आईंना काही माहीत नाही. डोस द्यायला गेले होते असं सांगितलं.

त्या शुक्रवारी मी दहापासून दीडपर्यंत थांबले. ऊन होतं. योगिताला नेलं होतं. रसवंतीवाल्याने तिसऱ्यांदा विचारलं, "ताई, रस देऊ का अजून?" तेव्हा उठले.

उखर्डू नाना काल ओसरीवर आले होते. आबांना सांगत होते, "तुना कौतिक पारोळाना स्टँडवर दिखना. शुक्कारना दिन. च्या पेत बशेल व्हता, मी हाक मारी तं उठीसन धुयानी गाडीमा बसी ग्या." आबा म्हणाले, दुसरा कोणी असेल, कौतिक तर शिरपूरला होता. मी म्हटलं, हो, दुसरा कोणी असेल.

अर्ध्या रस्त्यापर्यंत येऊन परत गेलात. निघालाच नसतात तरी मी समजले असते.

मला वाईट वाटतं का, असं तुम्ही पुढच्या पत्रात विचाराल, म्हणून आधीच सांगते. वाटतं. चूक केली असं वाटत नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा राहतात ते मला विचारू नका, आणि कृपा करून पार्वताबाईंनाही विचारू नका.

कानबाईला या. घरात सगळे असायला लागतात म्हणतात. येताना काही आणू नका.

सुगंधा


धुळे, मंगळवार, ता. २३ ऑगस्ट १९८८
सकाळचे साडेसहा, अजून आंघोळ नाही

सौ. सुगंधास,

तीन दिवस एका घरात राहून आपण एक शब्द बोललो नाही. आई होती, आबा होते, आरत्या होत्या, माणसांची ये-जा होती. तू पुरण वाटत होतीस आणि मी तोरण बांधत होतो. एकदा तू म्हणालीस, "तिकडून सैल आहे." मी घट्ट केलं. तेवढंच आपलं बोलणं.

पारोळ्याचं खरं आहे. गाडी थांबली, लोक चहाला उतरले, मीही उतरलो. समोर बाकावर एक बाई तान्ह्या पोराला टोपडं घालत होती. ते काढत होतं, ती घालत होती. मला वाटलं, आता जळगावला जाऊन मी 'करू' म्हणणार, कारण तुझं बरोबर होतं हे मला आतून ठाऊक होतं, आणि ते तोंडातून मला काढायचं नव्हतं. दुसऱ्या कोणी काढावं. आणि तसंच झालं. शिरपूरची भिंत खरी आहे, पण ती सोमवारी मिळाली. म्हणजे मी खोटं लिहिलं तेव्हा ते खोटं होतं, नंतर खरं झालं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. शनिवारी आई गहू काढत होती तेव्हा मी दाराशी उभा होतो. सुपात मुठी मोजल्या. आबांची, माझी, भटूची, ती पाव्हण्याची. मग तिने पाचवी घेतली, सव्वा, नीट भरून. मी तुझ्याकडे पाहिलं. तू चुलीत फुंकत होतीस.

म्हणजे आईला कळलं होतं! ओकाऱ्या बघून कळलं असणार. तुला दिवस आहेत एवढं तिला कळलं, आणि आता नाहीत हे तिला कळलेलं नाही. ती त्या मुठीचं पीठ दळते आहे, त्याची पोळी देवीपुढे ठेवते आहे आणि आपण दोघं हात जोडून उभे आहोत. सोमवारी नदीवर कानबाई बोळवताना बायका गात होत्या, आई रडत होती, दरवर्षी रडते, पण मला वाटलं, ही त्याच्यासाठी मागणं मागते आहे. जे नाहीच त्याच्यासाठी!

मला हे सहन होत नाही. केलं ते केलं. पण नसलेल्याच्या नावाने मूठ घेऊ देणं, हे आईला फसवणं आहे आणि देवीलाही. मी येत्या रविवारी येतो आणि आईला सगळं सांगतो. काय शिव्या द्यायच्या त्या मला देईल. तू मध्ये पडू नकोस. आणि ती पाचवी पोळी कोणी खाऊ नये असं बघ. कोणाची म्हणून खायची?

कौतिक


धरणगाव, २५ ऑगस्ट

योगिताच्या बाबांस,

येऊ नका. म्हणजे या, पण सांगायला येऊ नका. तुम्ही मला सगळं सांगायला भाग पाडता.

आईंना माहीत आहे. आधीपासून. जळगावला माझ्याबरोबर मंजुळा नव्हती, आई होत्या.

त्या शुक्रवारी स्टँडवरून घरी आले तेव्हा आई दारात बसल्या होत्या. योगिताला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाल्या, "तो नही उना ना?" मी रडले नाही, मला नुसता संताप आला. म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं? तर म्हणाल्या, "कोन सांगी? पाच दिनमझार एक पाकीट येस, त्यामझार चार वळी मच्छरना. इतला कोरा कागद कोन पाठाडस वं?" त्यांनी पहिल्याच पत्राला ओळखलं होतं. डासांचं दोनदा वाचायला लावलं ते गंमत म्हणून.

बुधवारी पहाटे त्यांनीच उठवलं. दवाखान्यात बाई म्हणाल्या, सही हिची पुरे, पण घरचं कोणी सोबत आहे का? आईंनी न विचारता अंगठा पुढे केला. कागदावर माझ्या नावाखाली त्यांचा अंगठा आहे. पैसे त्यांनी भरले, दोनशे सत्तर, लुगड्याच्या गाठीतले. दिवसभर योगिताला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "कौतिकले सांगू नको. तो इचार करी करी आर्धा व्हई जाई." म्हणून तुम्हाला मंजुळेचं लिहिलं.

मूठ त्यांनी माहीत असून घेतली.

काल तुमचं पत्र आलं. मी त्यांना सगळं वाचून दाखवलं, न गाळता. पारोळ्याच्या टोपड्यासकट. तुम्हाला राग येईल, येऊ दे, मला दोन-दोन कागदांचा कंटाळा आला आहे. त्यांनी हातातलं काम ठेवून ऐकलं. मी विचारलं, "आई, नव्हतं तर मूठ का घेतली?"

त्यांनी सांगितलं ते असं. तुम्ही आठ महिन्यांचे होता आणि अंगावर पीत होता. घरात दुसरं दूध नव्हतं. त्यांना पुन्हा दिवस गेले आणि दूध आटू लागलं. तुम्ही रात्र-रात्र रडायचात, हातपाय काड्या झाले होते. त्यांच्या सासूबाईंनी सुईण बोलावली. काढा दिला. आबांना त्या वेळी विचारलं होतं, तर आबा शेतात निघून गेले आणि दोन दिवस आले नाहीत. (हे वाचताना मी तुमच्याकडे बघते आहे असं समजा.) आई वाचल्या, तुम्ही वाचलात. पुढच्या श्रावणात गहू काढताना सासूबाईंनी तीनच मुठी घेतल्या, आबांच्या वडिलांची, आबांची आणि तुमची. आईंनी त्यांच्या हातून सूप घेतलं आणि चौथी घातली. सासूबाई ओरडल्या, "हाई कोननी?" तेव्हा या म्हणाल्या, "पाव्हणानी. उना नि ग्या."

तेव्हापासून दरवर्षी. आबांचे वडील वारले, त्यांची कमी झाली. भटूभाऊ झाले, त्यांची वाढली. पाव्हण्याची कधी चुकली नाही. ती पोळी त्या स्वतः खातात, कोणाला देत नाहीत.

मी म्हटलं, म्हणजे ते पाप होतं असं वाटतं का तुम्हाला? मूठ त्याचं प्रायश्चित्त आहे का? तर माझ्यावरच चिडल्या. "कसानं पाप? मना पोऱ्या मरी ऱ्हायंता! करं ते बराबर करं. पन व्हतं ते व्हतं ना? व्हतं ते मोजानं नही का?"

मग मीही चिडले. इतके दिवस चिडायला माणूस मिळत नव्हतं. म्हटलं, योगिता पोटात होती तेव्हा तिची मूठ घेतलीत, बाहेर आली तशी बंद केलीत. जी आहे ती मोजायची नाही आणि नाही ते मोजायचं, हा कुठला हिशेब? म्हणाल्या, "आंडेरनी मूठ नही ऱ्हास." मी म्हटलं, मुलीची नसते तर मग तुमचा तो पाव्हणा कशावरून पाव्हणा? मुलगी असली तर? इतकी वर्षं मुलीचीच मूठ घेत असाल तुम्ही.

योगिता तोवर सुपापर्यंत रांगत गेली होती आणि गहू तोंडात घालत होती. आईंनी तिच्या तोंडात बोट घालून दाणे काढले, मूठ उघडून बघितली आणि म्हणाल्या, "हाई तं आपलं हातेच ली ऱ्हायनी." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पुढला साल देखसूत."

पाचवी पोळी आज खाल्ली. आईंनी मोडून अर्धी मला दिली. कोणाची म्हणून, ते दोघींनाही ठाऊक होतं. खाताना रडू आलं, आणि गोडही लागली. तुमच्यासाठी माझ्यातला चतकोर झाकून ठेवला होता. उंबरठ्याबाहेर जात नाही म्हणून पाठवता येत नाही, पौर्णिमा परवा आहे, आणि तुम्ही रविवारी येणार. म्हटलं, काय करावं? तेवढ्यात भटूभाऊ शेतातून आले, झाकण काढलं आणि खाऊन टाकला. वर विचारतात, "तूप नव्हतं का?"

आता तुमच्या मताचं. मी अजून वाट बघते आहे. झालं ते बदलायला नाही. मला एकटीला माहीत नाही, याचा कंटाळा आला आहे. दोघांना माहीत नसलं तरी चालेल.

सुगंधा


धुळे, रविवार, ता. २८ ऑगस्ट १९८८
दुपारचे दोन. पौर्णिमा काल झाली.

सौ. सुगंधास,

आलो नाही. या वेळी पारोळ्यापर्यंतही गेलो नाही. तू 'सांगायला येऊ नका' म्हणालीस, आणि सांगण्यासारखं माझ्याकडे जे होतं ते घरात सगळ्यांना माझ्या आधीपासून माहीत आहे. शनिवारी पगार घेऊन येतो आणि चार दिवस राहतो. वनाभाऊंना सांगितलं आहे. ते म्हणाले, "मित्राला नमस्कार सांग."

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. मला बोलायला लागल्यापासून वाटत होतं की आईचा मुठींचा हिशेब चुकतो. तिला मोजता येत नाही, असं मी भटूलाही सांगितलं होतं. ती माझ्या दुधाची मूठ होती, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं.

आबांचं वाचताना तू माझ्याकडे बघते आहेस असं समजलो. तूही समज की मी मान खाली घातली.

मत मागितलंस. काल काम संपल्यावर भिंतीच्या कोपऱ्यात खडूने दोन ओळी लिहिल्या. वर, 'सुगंधाने केलं ते बरोबर.' खाली, 'ते होतं.' दोन्हींची अक्षरं एका मापाची काढली. लांब जाऊन पाहिलं. मला वाटलं होतं, एक ओळ दुसरीला खोटी पाडेल आणि मग एक पुसता येईल. तसं झालं नाही. वरची पुसावी तर तुझ्याशी बेइमानी आणि खालची पुसावी तर आईशी. खडू होता की अक्षर होतं, ते मला अजून सांगता येत नाही. म्हणजे मला माहीत नाही. हे माझं मत आहे. ते स्टँडवर येऊन सांगायला हवं होतं, तू तिथे रस पीत असताना.

मग दोन्ही ओळी मीच पुसल्या, कारण भिंत दुसऱ्याची होती.

यापुढे आईसाठी वेगळा कागद नाही. हे पत्र तिला वाचून दाखव.

हिशेब लिहून ठेवतो, म्हणजे तुझ्याकडेही राहील.

झालेला खर्च: धुळे ते पारोळा आणि परत, भाडे आणि एक चहा. वाया.
कानबाईला येण्या-जाण्याचे भाडे. वाया नाही.

देणे: आईचे, दवाखान्याचे, रुपये दोनशे सत्तर. शनिवारी शंभर देईन, बाकी दिवाळीपर्यंत.
सुगंधाचे, जळगाव स्टँडवरचे साडेतीन तास. हे कसे फेडायचे ते कळव.

येणे: भटूकडून, पोळीचा एक चतकोर.

पुढच्या श्रावणाच्या मुठी, सव्वा-सव्वा: आबा, मी, भटू, पाव्हणा, दुसरा पाव्हणा, योगिता. एकूण सहा. आई 'देखसूत' म्हणाली असली तरी सहावीचे गहू मी धुळ्याहून घेऊन येईन आणि सुपात स्वतः घालीन.

कौतिक